आखजीचं बोलावणं

आमच्या बैठकीचा एकच नियम होता आणि तो माझ्या मित्राने केलेला होता. ज्याची पाळी असेल त्याने उभं राहून आपण काय मानतो ते सांगायचं, पण दुसऱ्याच्या शब्दांत नाही. एखाद्या संताचं, पुढाऱ्याचं किंवा ग्रंथाचं वाक्य तोंडात आलं की ऐकणाऱ्यांपैकी कोणीही टेबलावर बोटाने टकटक करायची. टकटक झाली की ते वाक्य बाद. बोलणाऱ्याने पुन्हा सुरुवात करायची, आपल्या शब्दांत.

अमरावतीला एका निवृत्त डॉक्टरीण बाईंच्या घरी, वरच्या खोलीत, आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी जमतो. वाचलेल्या पुस्तकांवर बोलायला म्हणून ही बैठक सुरू झाली होती. पुढे पुस्तकं मागे पडली आणि ही पाळी आली. मित्र अकोल्याहून एसटीने यायचा. तिथल्या एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. जुन्या शहरात आई आणि धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत राहायचा. येताना पिशवीत आईने बांधून दिलेला डबा असायचा, दोन माणसांना पुरेल एवढा. हा दोन घास खाऊन बोलत सुटे आणि उरलेला डबा मी संपवत असे. आईला ते ठाऊक होतं. फोनवर कधी बोलणं झालंच तर म्हणायची, "वडे पोचले का तुह्यापर्यंत?" बोलण्याच्या भरात त्याची भूक कशी मरते आणि ऐकताना माझी कशी वाढते, यावर बैठकीत बरेच विनोद व्हायचे.

नियम सगळ्यांनाच जड जायचा, पण मला जरा जास्तच. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, प्रतिज्ञा म्हटल्या आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या कडेकडेने काटेकोर काढलं. आपण काय मानत नाही ते मला लहानपणापासून पाठ होतं. पाठ असणं हीच अडचण झाली. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला टकटक झाली. दुसऱ्यालाही झाली. तिसरं वाक्य मी फार जपून जुळवलं होतं, पण अर्ध्यात मलाच कळलं की हेही माझं नाही, आणि मीच टेबलावर बोट आपटलं. सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो.

"तुह्या आजोबांनी प्रतिज्ञा घेतल्या," तो म्हणाला. "तू काय घेतलं?"

"मी त्यातच जन्मलो."

"तेच म्हणतो ना मी. जन्मला. घेतलं काय?"

हाच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी तो अपमान समजून घरी निघून आलो असतो. आमच्यावर असे प्रश्न बहुतेक वेळा कशासाठी टाकले जातात ते मला माहीत आहे. पण तो खरंच विचारत होता. फळ्यावर गणित मांडून मुलांच्या तोंडाकडे पाहत उभा असावा तसा.

"तू तरी काय घेतलंस?" मी म्हणालो.

"पुढची पाळी माही हाय. तवा सांगतो. तोपर्यंत तू शोध."

अकोल्याची बस लागली होती. त्याने ती सोडली. पहिली बस तो नेहमीच सोडायचा. बोलणं संपलं नाही की गाडी धरायची नाही, असा त्याचा रिवाज, आणि बोलणं कधीच संपलेलं नसायचं. दुसरी बस आली तेव्हा तो चढला, खिडकीशी बसला आणि काचेवर बोटाने टकटक करून हसला.

पौषात तो गेला. शाळेच्या जिन्यात छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी अकोल्याला पोचलो तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं होतं. आई त्याच्या उशाशी बसून त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती. कॉलर सरळच होती.

पुढच्या बैठकीत त्याची खुर्ची रिकामी ठेवायची की काढून टाकायची यावर थोडी कुजबुज झाली आणि खुर्ची राहिली. मग डॉक्टरीण बाई म्हणाल्या, त्याची पाळी तुम्ही घ्या. मी मान हलवली. उन्हाळ्याच्या सुट्या सुरू झाल्यावर करू, असं ठरलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेनासं झालं. कॉलेजच्या ग्रंथालयात इतकी वर्षं शांत बसून काम केलेला मी माणूस, पण लिहायला बसलो की पायाला मुंग्या आल्यासारख्या व्हायच्या. "मी मानतो की" एवढं लिहायचं आणि उठायचं. गच्चीवर जायचं, टाकीचं झाकण उगाच उघडून पाहायचं, परत यायचं. एकदा लिहिलं, माणूस मेल्यावर काही उरत नाही. वाचलं तर ते खरं वाटलं, पण त्याच्या मरणानंतर ते फार तयार कपड्यासारखं वाटलं, दुकानातून आणून घातलेल्या. खोडलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, माणूस त्याच्या कामातून उरतो. हे तर कुठल्याही शोकसभेत कोणीही म्हणतं. टकटक मला घरबसल्या ऐकू यायची.

चैत्र संपत आला होता तेव्हा त्याच्या आईचा फोन आला.

"काहून रे, फोन उचलाले इतका वेळ?"

"पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं, माय."

"आखजी आली. तू येजो."

"येतो ना."

"तसा नाई येजो. त्याले औंदा पितरात मिळवाचं हाय. त्याच्या जागी तू बसजो."

अक्षय तृतीयेला आमच्या भागात आखजी म्हणतात. त्या दिवशी घरोघर नवी घागर भरतात आणि घरातल्या मेलेल्या माणसांना जेवू घालतात. मेलेला माणूस काही येऊन बसत नाही, म्हणून त्याच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवतात. पुरुष गेला असेल तर पुरुष, बाई गेली असेल तर बाई. त्याला पितर म्हणतात. तो जेवला की गेलेला जेवला. वर्षभरात गेलेल्या माणसाला पहिल्या आखजीला असं जेवू घालून जुन्या पितरांत मिळवून घेतात. ते झालं नाही तर तो बाहेरच राहतो, असं मानतात.

"माय, मी कसा बसू? तुमच्या घरचं कोणी बसवा ना."

"घरच्याईनं त्याचा डबा खाल्ला का? तू खाल्ला. त्याच्या जागी जेवाची सवय तुलेच हाय. दुसऱ्या कोणाले बसवू?"

"आमच्यात हे करत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे."

"तुमच्यात नसन करत. मी तुले बोलावून राहिली. तुमच्यातल्याईले नाई." थोडं थांबून ती म्हणाली, "पोळीवर तूप चालते न तुले? डाक्टरनं बंद त नाई केलं?"

आणि फोन ठेवला.

आमच्या घरी आखजीला मुद्दाम साधं जेवण असायचं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, फोडलेला कांदा. इतर दिवशी आई काही गोडधोड करे, पण त्या दिवशी नाही, आजोबांचा हुकूम होता. पलीकडच्या गल्लीतून तळणाचा वास यायचा. मी आणि माझी बहीण दाराशी बसून तो वास घेत असू. एकदा बहिणीने विचारलं, आपण वडे काहून नाही करत? आजोबा म्हणाले, "मेलेल्याले वाढाचं नाई. जिवंताले वाढा." हे ते दरवर्षी म्हणायचे. पण त्या दिवशी पुढे आणखी बोलले. त्यांच्या लहानपणी गावातले पितर जेवून उठले की पत्रावळीत उरलेलं एका टोपलीत घालून आमच्या वस्तीत यायचं. त्यांची आई त्यातले वडे वेगळे काढून वाळत घालायची, पुढे पुरावेत म्हणून. "पितर उठले की मंग आमी जेवत होतो," आजोबा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी कांदा फोडला आणि जेवायला लागले. पुन्हा कधी त्यांनी ते सांगितलं नाही, आणि बहिणीने पुन्हा कधी वडे मागितले नाहीत.

तर माझ्यापुढे प्रश्न असा होता. मी त्या पाटावर बसलो तर आजोबांच्या त्या भाकरीचं काय? आणि नाही बसलो तर त्या म्हातारीच्या लेखी तिचा मुलगा वर्षभर दाराबाहेर उभा राहणार होता, माझ्यामुळे. ती म्हणते ते मी मानत नव्हतो. पण ती मानत होती, आणि तिचं ते मानणं माझ्या न मानण्यापेक्षा कमी खरं आहे असं म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

माझी बायको लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होती. ती शाळेत शिकवते, आणि आमच्या दोघांत स्पष्ट बोलण्याचं काम तिच्याकडे आहे.

"जाणार का?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"मग नका जाऊ."

"त्या बाईला नाही कसं म्हणू?"

"मग जा."

"आणि श्राद्ध न करण्याच्या प्रतिज्ञेचं काय?"

तिने अडकित्ता थांबवला. "तुम्ही त्या बैठकीत जाऊन काय शोधता ते मले कधी समजलं नाही. मी रोज संध्याकाळी वंदना घेते. मले काही शोधावं लागत नाही. प्रतिज्ञा मोडतीन असं वाटत असन तर जाऊ नका, आणि जाणार असान तर रडत जाऊ नका." मग दोन कैऱ्या चिरून झाल्यावर म्हणाली, "जा. पण जेवून या. पितर होऊन येऊ नका."

आखजीच्या सकाळी मी बस धरली. वैशाखातलं ऊन दहा वाजताच काचेतून आत यायला लागलं होतं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीखाली एक माणूस खरबुजं विकत होता आणि बाया डोक्यावर नव्या घागरी उपड्या धरून चालल्या होत्या. मी मनात वाक्य जुळवत होतो. तिला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आधी की नंतर. एक वाक्य फार कडक वाटायचं, दुसरं फार गोड. माझ्या शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, "काका, तब्येत बरी हाय न? तुमी मगापासून मानच हालवून राहिले." मी म्हणालो, बरी आहे. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी दोन घोट घेतले आणि पुढे अकोल्यापर्यंत मान न हलवण्याचा प्रयत्न केला.

त्याच्या घराचं दार उघडं होतं. मी चपला काढत होतो तेवढ्यात आतून धाकट्या भावाचा आवाज आला. तो वीज खात्यात नोकरीला आहे, माणूस वाईट नाही, मला नेहमी 'सर' म्हणतो.

"लोकं काय म्हनतीन, आई? मामाच्या पोराले बसवलं असतं त काय बिघडलं असतं?"

"तुह्या मामाच्या पोरानं दादाले कधी इचारलं तरी का, का बापा कसा हायेस म्हणून?"

"तसं नाई व. त्याईच्यात पितर नसते. अन् आपल्यात…"

"आपल्यात काय?"

कढईत काहीतरी सोडल्याचा आवाज झाला. मी चपला हातात धरून उभा होतो आणि मला परत फिरावंसं वाटलं. खरं सांगायचं तर फिरलोही. दोन पावलं गेलो. मग वाटलं, मी आता गेलो तर ते भावाच्या बोलण्यामुळे होईल, आणि मला जायचंच असेल तर माझ्या कारणाने जायला हवं. म्हणून आत गेलो.

ती चुलीपाशी बसून वडे तळत होती. गॅस होता, पण पितरांचं ती चुलीवरच करते. मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा राहिलो आणि बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. जे तोंडात आलं ते असं होतं.

"माय, मी पितर म्हणून नाही बसू शकत. मेलेला माणूस जेवायला येतो हे मी मानत नाही. त्याच्यासाठी म्हणून घास घेतला तर तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. माझ्या आजोबांशीही. तुम्ही वाढलं तर मी जेवीन. पण मी म्हणूनच जेवीन."

तिने झाऱ्याने वडा उलटवला. भाऊ आणि त्याची बायको दोघंही माझ्याकडे पाहत होते.

"झालं बोलून?"

"हो."

"तो बी नोता मानत," ती म्हणाली. "दरसाली बापाच्या पितराले हसे. हसे अन् वडे खाये. जा, पाय धू. उन्हातून आला."

भावाने तांब्या उचलला. मोरीपाशी त्याने माझ्या पायांवर पाणी घातलं. पितराचे पाय घरच्या माणसाने धुवायचे असतात, आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यालाही पाण्याचा तांब्या दिला जातो. हे त्यातलं कुठलं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पाणी गार होतं. त्याने वाकून घातलं, उभ्याने नाही, एवढं मी पाहिलं.

कोपऱ्यात गव्हावर घागर ठेवलेली होती आणि तिच्या तोंडावर खरबूज. पाट मांडला होता, पुढे पळसाच्या पानांची पत्रावळ. पुरणपोळी, कढी, कुरडया, वडे, चिंच-गुळाची चिंचवणी. तिने गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला, हात जोडले, काही पुटपुटली. मी हात जोडले नाहीत. मग ती माझ्यासमोर बसली आणि वाढू लागली. मी जेवू लागलो.

मला लहानपणापासून कोणाच्या घरी पोटभर जेवता येत नाही. दुसऱ्यांदा वाढायला कोणी आलं की हात आपोआप पानावर आडवा जातो. आमच्या घरात सगळ्यांनाच ही सवय आहे. आजोबांनीच ती लावली असावी, दुसऱ्याच्या दारी हावरेपणा दिसू नये म्हणून. तर ती वडे घेऊन दुसऱ्यांदा वाकली आणि माझा हात पत्रावळीवर गेला.

"पुरे, माय."

भावाच्या बायकोच्या हातात कढीचा वगराळा होता, तो तसाच राहिला. म्हातारीच्या हातातला वडा पत्रावळीच्या वर थांबला. काय झालं ते मला कळलं नाही. मी सगळ्यांकडे पाहिलं.

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "दादा, पितरानं पुरे नाई म्हनाचं."

एरवी तो मला सर म्हणतो. दादा तो फक्त त्याच्या भावाला म्हणायचा. बोलून झाल्यावर त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.

पितराने पुरे म्हटलं की तो अर्धपोटी उठला, आणि अर्धपोटी उठलेला पितर वर्षभर उपाशी. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की म्हातारीच्या हातातला वडा निथळतोय. माझं मघाचं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं होतं, म्हणून 'वाढा' म्हण असं ती मला सांगणार नव्हती. हे माझ्या लक्षात आलं. आजोबांची टोपली डोळ्यापुढे आली. त्यातले वडे. मी कोणाच्याही उठण्याची वाट पाहत नव्हतो, मीच पाटावर होतो, आणि माझ्या हाताखाली एक पत्रावळ होती जिच्यावर मला हक्काने वाढलं जात होतं.

मी हात काढून घेतला.

"वाढा," मी म्हणालो.

तिने वडा वाढला. आणखी एक वाढला. मी खाल्ले. पुढे मी काही म्हणालो नाही, तिला वाटलं तेव्हा ती थांबली.

जेवण झाल्यावर सगळे तिथेच बसलो. घागरीला बाहेरून थेंब आले होते. म्हातारी पदराने वारा घेत म्हणाली, "तुमच्यात काय करते मेलेल्या मान्सासाठी?"

"आम्ही काही वाढत नाही. लोक जमतात. वंदना होते. मग तो माणूस कसा होता ते ज्याला ठाऊक असेल तो सांगतो."

"मंग सांग."

मला असं अचानक बोलता येत नाही. बैठकीतही मी चार दिवस तयारी करून जातो. पण ती वाट पाहत होती, मघाशी मी जेवायची वाट पाहत होती तशीच. मी तिला स्टँडचं सांगितलं. तो पहिली बस कशी सोडायचा. कधी कधी दुसरीही. एकदा कंडक्टरनेच त्याला विचारलं होतं, सर, तुमचं ठरलं का? आणि हा म्हणाला होता, अजून एक मुद्दा राहिला. गाडीतले लोक हसले आणि ड्रायव्हरने त्याच्या मुद्द्यासाठी गाडी दोन मिनिटं थांबवली.

"म्हनून त त्याले उशीर होये," म्हातारी म्हणाली. "मी आपली ताट झाकून बसून राहो."

"मी त समजत होतो अमरावतीले एखादी बाई हाय," भाऊ म्हणाला.

"असती त बरं झालं असतं," आई म्हणाली.

भावाच्या बायकोला हसू आवरलं नाही. म्हातारीही हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. मी निघालो तेव्हा तिने डबा दिला. दोन माणसांचा.

घरी आलो तेव्हा बायकोने डबा उघडून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मिळाले का मग ते पितरात?"

"त्यांच्या हिशोबाने मिळाला."

"आणि तुमच्या?"

मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने एक वडा उचलला, वास घेतला आणि खाल्ला. "चांगला झाला," म्हणाली.

हे सगळं लिहायला मला बरेच दिवस लागले आहेत, आणि त्या दुपारबद्दल माझं मन अजून स्वस्थ नाही. मी पितर नाही असं मी तिच्या चुलीपाशी उभं राहून सांगितलं, तरी त्या घराने मला पितर केलंच. भावाच्या तोंडून ते निघालं आणि मी ते खोडलं नाही. उलट हात काढून घेतला. मग माझ्या सांगण्याला काय किंमत राहिली? कधी वाटतं, मी हरलो. कधी वाटतं, यात हरण्या-जिंकण्यासारखं काही नव्हतं आणि मीच ते उगाच शोधतोय. आजोबा असते तर काय म्हणाले असते याचा विचार मी सुरू करतो आणि अर्ध्यात सोडतो, कारण ते काय म्हणाले असते हे मला पाठ आहे, आणि पाठ असलेल्याचा इथे उपयोग नाही.

सुटीतल्या रविवारी मी बैठकीत उभा राहिलो. हातात कागद नव्हता. त्याची खुर्ची खिडकीशी होती.

"मेलेल्या माणसाला मी वाढत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरीण बाईंचं बोट टेबलावर वाजलं. "हे तुमच्या आजोबांचं आहे. तुम्हीच मागे सांगितलं होतं."

"आजोबांचंच होतं," मी म्हणालो. "पण त्यांनी ते आपल्या घरात म्हटलं. मी ते एका म्हाताऱ्या बाईसमोर, तिच्या चुलीपाशी म्हटलं. तिच्या हातचं मी वर्षानुवर्षं खाल्लं आहे आणि तिला तेव्हा माझ्याकडून नेमकं उलटं हवं होतं. आता ते माझंही आहे असं मी धरतो."

बाईंचं बोट टेबलावरच राहिलं, पण पुन्हा वाजलं नाही. मग मी आखजीची सगळी हकीकत सांगितली, पुरे म्हटल्यापर्यंत आणि हात काढून घेतल्यापर्यंत.

"म्हणजे शेवटी मानलंत ना तुम्ही?" एकाने विचारलं. तो वकील आहे, त्याला हो किंवा नाही लागतं.

"नाही मानलं."

"मग हात का काढलात?"

"ते मला सांगता येत नाही. पुन्हा बोलावलं तर पुन्हा हेच सांगीन, आणि तिने वाढायला घेतलं तर हात आडवा धरणार नाही."

"दोन्ही एकदम कसं जमेल?"

"जमत नाहीच," मी म्हणालो. "माझ्याकडे सध्या एवढंच आहे."

कोणी टकटक केली नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो. ज्याने नक्की केली असती, तो असता तर कुठल्या शब्दावर केली असती, याचा मी अंदाज घेत होतो. मग बसलो.

बैठक सुटल्यावर माझे पाय सवयीने स्टँडकडे वळले. अकोल्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून मूर्तिजापूर, अकोला ओरडत होता. मला कुठे जायचं नव्हतं आणि कोणाला पोचवायचंही नव्हतं. ती गाडी गेली. दुसरी लागेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. उत्तर देऊन लगेच निघून जायचं, असं आमच्यात कधी नव्हतं.